बिरप्पाच्या जीपचा पाटा

मी एक जुना पाटा आहे. मित्रांनो, तुमच्या घरी चटणी वाटतात तो दगडी पाटा नव्हे. मी पोलादाचा आहे. जीपच्या पोटाखाली, चाकांच्या जवळ, वाकलेल्या पट्ट्यांची एक कमान असते. गाडी खड्ड्यात आदळली की धक्का आधी ती कमान घेते. त्या कमानीतली सर्वांत वरची आणि सर्वांत लांब पट्टी म्हणजे मी.

माझा जन्म भट्टीत झाला. मला लालबुंद तापवून वाकवले आणि तेलात बुडवले. मी कडक झालो. पण नुसता कडक पाटा पहिल्याच खड्ड्यात मोडतो, म्हणून मला पुन्हा मंद आच दिली. वाकायचे आणि परत आपल्या जागी यायचे, हा गुण मला त्या दुसऱ्या आचेने दिला.

मग मी बिरप्पाच्या जीपखाली आलो. सांगोल्याकडच्या माळावर त्याची वस्ती आहे. आठवडाभर तो जीपमधून मेंढ्यांचा चारा आणि लोकरीची गाठोडी नेई आणि रोज सकाळी वस्तीवरच्या मुलांना शाळेत सोडी. शाळा ओढ्याच्या पलीकडे आहे. त्या ओढ्यात पाण्यापेक्षा धोंडेच जास्त. बिरप्पा माझ्यावर लाथ मारून म्हणे, "ह्यो पाटा हाय तंवर मला कशाचं भ्या न्हाय." ते ऐकून मला बरे वाटे.

पण मी आणि माझे भाऊ ताठ होतो. एक चाक धोंड्यावर चढले की दुसरे हवेत लटके आणि गाडी कलंडू पाही. एके दिवशी ती इतकी कलली, की मागे बसलेली मुले एकमेकांवर कोसळली. बिरप्पाच्या मुलीचा, प्रियंकाचा, ओठ फाटला.

बिरप्पाची आई बनाबाई अंगणात उभीच होती.

"बास झालं," ती म्हणाली. "उद्यापासनं पोरं गाडीत बसायची न्हाईत."

"आन् शाळा गं?" बिरप्पाने विचारले.

"मेंढरं हायेत की राखाया. शाळंपायी पोरांचं हातपाय मोडून घ्यू व्हय?"

प्रियंका ओठावर फडके धरून ऐकत होती. ती रडली नाही. तिने फक्त दप्तर उचलून खुंटीला अडकवले.

त्या रविवारी सुकन्या आली. ती बनाबाईच्या लेकीची लेक. कुर्डुवाडीत वाढलेली, सोलापुरात इंजिनिअरिंग शिकलेली आणि आता चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला असलेली. बोलणे मोजके. तिने जीपखाली वाकून बराच वेळ पाहिले.

"आजी, उन्हाळ्याची सुट्टी लागतेच आहे. ती संपायच्या आत मी मागच्या चाकांवरचं सगळं बदलून देते."

"तुज्या कारखान्यात काय बदलायचं ते बदल. हितं माझी नातवंडं बसत्यात."

"मग पोरांच्या आधी तू बस. तुला भीती वाटली तर मी पुन्हा नाव काढणार नाही."

बनाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला. "बसंन. आन् भ्या वाटलं तर पोरं मेंढरामागं. मग कुणी बोलायचं न्हाय."

चिंचोळीजवळ हरिदासचे वेल्डिंगचे दुकान होते. जीप तिथे गेली आणि मला व माझ्या भावांना काढून भिंतीशी ठेवले. मित्रांनो, खरे सांगतो, मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे गाडी पेलली आणि आता आपण भंगार, असे वाटून मी धूळ खात पडलो. पण समोर जे चालले होते ते पाहता पाहता माझी नाराजी कुठे गेली, ते मला कळलेही नाही.

पाटा दोन कामे करतो. तो वजन पेलतो, आणि दोन चाकांना जोडणारा जाड एक्सल जागेवर धरून ठेवतो. सुकन्याने ही दोन कामे वेगळी केली. वजन गोल स्प्रिंगवर दिले. पण नुसत्या स्प्रिंगवरचा एक्सल दावे तुटलेल्या वासरासारखा कुठेही जाईल, म्हणून त्याला गाडीशी बांधायला चार लिंक घेतल्या. लिंक म्हणजे दोन्ही टोकांना सांधा असलेली पोलादी नळी. आपला हात खांद्यापासून वरखाली होतो, पण खांदा सोडून जात नाही, तसेच.

तिने आधी पोलादाला हातच लावला नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या आणि टाचण्यांनी फळीवर टोचल्या.

"ताई, गाडी बनवायची का भातुकली मांडायची?" हरिदास हसला.

"काका, पुठ्ठा चुकला तर फाडता येतो."

आणि पुठ्ठा चुकलाच. चारही लिंक सरळ ठेवल्या तर एक्सल डावी-उजवीकडे सरकत होता. तिने वरच्या दोन लिंक तिरक्या करून मधोमध जवळ आणल्या, आणि एक्सल सरकायचा थांबला. मग ओढ्यातून वर येणारा चढ तिने फळीवर काढला. चढावर जोर दिल्यावर गाडीची मागची बाजू उसळली तर चाक धोंड्यावर नाचेल. ते नाचू नये म्हणून तिने खालच्या लिंकचे पुढचे टोक बोटभर खाली घेतले. एवढ्याशा बदलासाठी तिचा सबंध रविवार गेला.

मापे घेण्याआधी तिने जीपमध्ये जोंधळ्याची पोती ठेवायला लावली.

"शाळेत आता जोंधळा जाणार का काय?" हरिदासने विचारले.

"रिकाम्या गाडीचं माप काय कामाचं? पोरं बसल्यावर गाडी जिथं दबते, तिथलं माप पाहिजे."

हरिदासने मान हलवली. त्या दिवसापासून तो तिला चिडवायचा थांबला नाही, पण तिने आखलेली रेघ पुसण्याआधी विचारू लागला.

लिंक ज्यांत अडकतात त्या पोलादी तुकड्यांना कारागीर कान म्हणतात. शेवटच्या आठवड्यात दोन कानांपुरती पट्टी कमी पडली. सुकन्या कारखान्यात होती. हरिदासची नजर आमच्याकडे वळली. "पाट्याचं पोलाद लई चिवट. पोरांची गाडी हाय, कान दणकट पायजेत," असे स्वतःशीच म्हणत त्याने माझ्या धाकट्या भावाला कापले, कान केले, वेल्डिंग केले आणि रंग दिला. त्याच्या मनात मायाच होती. मलाही अभिमान वाटला, की आमच्यातला एक तरी गाडीबरोबर राहिला.

मला मात्र भंगारात द्यायला बिरप्पाचा जीव होईना. त्याने मला जीपच्या मागच्या भागात टाकले. म्हणून पुढचे सारे मी पाहिले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी सगळी वस्ती ओढ्यावर जमली. हरिदासही दुकान बंद ठेवून आला. बनाबाई नवे लुगडे नेसून आली होती. "आधी रिकामी जाऊन येऊ दे, आजी," सुकन्या म्हणाली. बिरप्पाने जीप ओढ्यात घातली.

मित्रांनो, ते दृश्य मी विसरणार नाही. एक चाक धोंड्यावर चढले, दुसरे खड्ड्यात उतरले, पण एकही जमीन सोडेना. खाली चाके वरखाली होत होती आणि वर गाडीची पाठ शांत होती. डोक्यावर हंडा घेऊन खडकाळ वाटेने बाई चालते तशी जीप गेली आणि परत आली. मला हे कधीच जमले नव्हते. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बनाबाईने पायरीवर पाय ठेवला. तेवढ्यात सुकन्या म्हणाली, "थांब."

तिने लहान हातोडी घेतली आणि जीपखाली सरकली. तिचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते. पोलाद ठोकून त्याचा आवाज ऐकायची सवय तिला त्यांच्यापासून लागली होती. ती एकेक कान ठोकत गेली. टण्ण. टण्ण. टण्ण. आणि मग एक आवाज आला, बद्द.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळाला माती लागली होती. "आज कुणी बसायचं नाही. एका कानाला तडा गेलाय."

"अगं, आत्ता तर गेली की गाडी!" बिरप्पा म्हणाला. "मान्सं जमल्यात, सुकन्या. आई काय म्हनंल?"

"गेली मामा, पण परत जाईलच असं मी म्हणणार नाही."

हरिदासने वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा उतरला. "पाट्याचा कान हाय तो, ताई. मीच केलाय. दणकट हुईल म्हणून."

"पाटा दणकटच असतो, काका. पण वेल्डिंगची आच लागून तो भरभर निवला, की तिथं काचेसारखा ठिसूळ होतो. रंगाखाली मलाही दिसला नाही. लावायच्या आधीच मी ठोकून बघायला हवं होतं."

मागच्या रांगेत प्रियंका दप्तर पाठीला लावून उभी होती. बनाबाईने पायरीवरचा पाय खाली घेतला. आता ती "मेंढरामागं" म्हणणार, असे सर्वांना वाटले.

"टाळ्या वाजत हुत्या," बनाबाई म्हणाली, "तवा ही गप बसली असती तर कुनाला कळलं असतं?"

तिने पदराने सुकन्याच्या कपाळावरची माती पुसली.

"एवढ्या मान्सांत जी पोरगी न्हाय म्हनती, तिच्या गाडीत मी बसंन. कर नीट. शाळंला दोन दिस खाडा पडला तर काय आभाळ कोसळत न्हाय." मग ती हरिदासकडे वळली. "आन् तू, उपाशी वेल्डिंग करतुस काय? चल, भाकरी खा आधी."

हरिदासने वेल्डिंग मानवणाऱ्या साध्या पोलादाचे दोन्ही कान नव्याने केले. सुकन्याने ते रंगाआधीच ठोकून ऐकले. मग बनाबाई पुढे बसली आणि जीप ओढ्यातून गेली. पलीकडे पोचल्यावर ती एवढेच म्हणाली, "माझ्या तोंडातलं पान सुदिक सांडलं न्हाय." दुसऱ्या दिवशी सगळी मुले शाळेत होती.

आणि मी? चांगला आवाज कसा असतो ते मुलांना कळावे, म्हणून तडा सापडला त्याच दिवशी ओढ्यावर सुकन्याने मला दोरीने टांगून ठोकले होते. माझा आवाज माळभर घुमला. ओढ्यापलीकडे शाळेच्या बाईंनी तो ऐकला आणि मला मागून घेतले. आता मी शाळेपुढच्या कडुलिंबाला टांगलेला आहे. रोज सकाळी जीप ओढा ओलांडून येते आणि प्रियंका मला पहिला ठोका देते. मला कुणी कापले नाही, जाळले नाही. जे माझ्या अंगात होते, तेच काम मला मिळाले.

मित्रांनो, प्रत्येक वस्तूचा एक स्वभाव असतो. तो ओळखून तिला कामाला लावा आणि मधूनमधून तिचा आवाज ऐकत जा. मीही जुना झालो आहे. एखाद्या सकाळी माझा आवाज बद्द आला, तर आणखी जोरात मारू नका. हातोडी खाली ठेवा, आणि तडा कुठे गेला आहे ते आधी बघा.