मानेचा होकार

माझा धाकटा भाऊ डेल्मर आमच्या काउंटीच्या जेलात दम्याने गुदमरून मेला. दर पंधरा मिनिटांनी कोठडीत डोकावायचं, असा तिथे लेखी हुकूम होता. पहाऱ्यावरचा डेप्युटी हेंडली एकदाही डोकावला नाही. खटल्यात आमच्या वकीलबाईंनी त्याला विचारलं, "हा हुकूम तुम्हाला माहीत होता ना?" त्याने मान हलवली. ज्युरीने तो मानेचा होकार पाहिला आणि आम्ही जिंकलो.

वरच्या कोर्टाने निकाल फिरवला. हेंडलीला हुकूम माहीत असल्याचा पुरावाच नाही, म्हणे. मग सरकारी माणूस म्हणून त्याला दाव्यापासून संरक्षण.

"अहो, त्याने हो म्हटलं की!" मी वकीलबाईंना म्हणाले.

"मानेने म्हटलं," वकीलबाई खाली बघत म्हणाल्या. "वरचं कोर्ट फक्त टाइप झालेली साक्ष वाचतं. मी तोंडाने वदवून घ्यायला हवं होतं. चुकलंच माझं."

चुकलं? मला आधी कोर्टात साक्ष टाइप करणारीचा संशय आला, मग या बाईंचाच. साक्षीचे कागद आणून ओळ न् ओळ वाचली. प्रश्न एकेचाळीस. चाळीसांना खणखणीत "होय मॅडम", "नाही मॅडम". एकाच ठिकाणी, हुकुमाच्या प्रश्नापुढे, "उत्तर नाही". बावीस वर्षं साक्षी देणारा माणूस नेमका तिथेच मुका होतो?

रविवारी चर्चच्या जेवणात हेंडली गोड पीच-पायची बशी घेऊन समोर आला.

"हुकूम माहीत होता ना रे तुला?"

त्याने मान हलवली.

"तोंडाने बोल, मेल्या!"

त्याने आधी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. जवळ कुणी नव्हतं.

"होय मॅडम," तो हळूच म्हणाला.