शिकाऊ गाडीचे नवे काळीज

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. जुनी म्हटले म्हणून कीव करू नका. माझ्या पाठीवर लाल अक्षरांत ‘शिकाऊ’ लिहिले आहे आणि या शहरातल्या निम्म्या लोकांचा हात माझ्यावरच बसला आहे.

गाडी शिकवणाऱ्या बाईंनी मला नवी कोरी घेतली, तेव्हा माझा काय रुबाब होता! तो पहिल्याच आठवड्यात फाटकाला घासून गेला. पुढे कोणी गिअर करकरवले, कोणी ब्रेक समजून अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मी सगळे पोटात घातले.

पण पोटालाही वय असते. मी तेल पिऊ लागले, निळा धूर सोडू लागले, चढावर धापा टाकू लागले. बाईंचे थोरले भाऊ म्हणाले, “अगं, भंगारात दे हिला. नवी घे!”

बाईंनी भाड्याची नवी गाडी आणून पाहिली. तीत माझ्यावर शिकणाऱ्या बेकरीवाल्या काकू बसल्या. यजमानांची नजर अधू झाल्यामुळे पावाची गाडी आता काकूंनीच चालवायची होती, नाहीतर बेकरी बंद. चढावर गाडी मागे घसरते म्हणून त्या परीक्षेत दोनदा नापास झाल्या होत्या. नव्या गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी हातच लावला नाही.

“नको बाई, हिला ओरखडा गेला तर? मला आपली जुनीच द्या. ती काही मनावर घेत नाही.”

ही स्तुती की अपमान, ते मी अजून ठरवलेले नाही.

बाईंनी मिस्त्रींना विचारले. ते म्हणाले, “सांगाडा ठणठणीत आहे. इंजिन नव्याने बांधू.”

इंजिन उतरवले, तेव्हा रिकाम्या पोटाने उभी असताना मला खरोखर भीती वाटली. पण मिस्त्रींनी सिलिंडर घासून घेतले, नवे पिस्टन आणि रिंगा बसवल्या. किल्ली फिरली. आधी मी नुसतीच खोकले आणि मग अशी कडाडले, की भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला.

“नवे भाग रुळेपर्यंत महिनाभर हळू चालवा,” मिस्त्रींनी बजावले. “आत्ताच पळवली, तर सगळी मेहनत पाण्यात.”

भाऊंनी किल्लीसाठी हात पुढे केला. बाईंनी ती काकूंना दिली. “दादा, तुला दम निघायचा नाही. यांच्याइतकी हळू गाडी अख्ख्या शहरात कोणी चालवत नाही!”

महिनाभर आम्ही दोघी रमतगमत फिरलो. मागून कोणी हॉर्न वाजवला, की काकू खिडकीतून ठसक्यात सांगत, “इंजिन नवीन बांधलंय, हळूच जाणार!” माझी काळजी घेता घेता त्या स्वतःची भीती विसरल्या.

परीक्षेत त्याच चढावर थांबून पुन्हा निघायचे होते. मी धाप टाकली नाही, काकू डगमगल्या नाहीत. आम्ही तसूभरही मागे सरकलो नाही.

मित्रांनो, जुनी वस्तू कुरकुरली, तर फेकण्याआधी एकदा उघडून बघा. तिच्यात अजून कोणाचे तरी काम शिल्लक असते. आता मला निघायला हवे, नवी विद्यार्थिनी आली आहे. समोरून पावाची गाडी हॉर्न देत गेली, पाहिलीत? काकू आहेत त्या. हल्ली जरा जोरातच जातात!