दाराआडची बाई

तिने खुर्ची ओढली आणि कलरिस्टच्या शेजारी ठाण मांडलं.

“माझा चेहरा दिसल्याशिवाय मी इथून हलायची नाही.”

भर दुपारी काळे पडदे ओढलेल्या त्या खोलीत बसून शूटिंग संपलेल्या भुताच्या सिनेमातल्या प्रत्येक दृश्याचा रंग नि उजेड ठरवणं, हे त्या चष्मेवाल्या कलरिस्टचं काम होतं. तिचं काम वेगळं. वीस वर्षं ती नट्यांच्या जागी जिन्यावरून गडगडली होती, आगीतून पळाली होती, आणि दर वेळी पडद्यावर आली ती तिची पाठच. ‘तुझी पाठ साऱ्या जगाला ठाऊक, तोंड तेवढं माझ्या वाट्याला,’ असं नवरा चिडवायचा. या सिनेमात मात्र ती स्वतः होती. दाराआड उभं असलेलं भूत! पाच तास तोंडावर रबर चिकटवून घेतलं होतं तिने. आणि या गृहस्थाने तिला पार काळोखात बुडवून टाकलं होतं.

“ताई, दिसलं की भीती संपते,” तो म्हणाला.

“तुमचं काय जातंय बोलायला! चेहरा माझा गेलाय.”

तो वाद घालत बसला नाही. उजेडाचं गोल बटण त्याने तिच्यापुढे सरकवलं.

“घ्या. तुम्ही ठेवाल तसं राहील.”

तिने बटण फिरवलं. आधी दार उजळलं, मग कपाळ, डोळे, हनुवटी. तिला एकदम भरून आलं. काम झकास झालं होतं, डोळ्यांचं तर फारच. पण दृश्य पहिल्यापासून लावलं, तेव्हा दाराआड एक रंगवलेली बाई आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. तिला शेंबडं पोरही घाबरलं नसतं.

मग ओठ घट्ट मिटून तिने बटण उलटं फिरवलं. हनुवटी गेली, डोळे गेले. दृश्य पुन्हा सुरू झालं. किलकिलं दार, पलीकडे नुसता काळोख. आपण नेमक्या कुठे उभ्या होतो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी अंगावर सर्रकन काटा आला आणि पाय आपसूक खुर्चीवर गेले.

तिने बटण आणखी खाली नेलं.

“अहो ताई, मीसुद्धा इतकं काळं केलं नव्हतं,” कलरिस्ट गडबडला. “कपाळाची कड तरी ठेवली होती. आता काहीच दिसत नाही तुमचं.”

“नसू दे,” पडद्यावरून नजर न काढता ती म्हणाली. “मी उभी आहे ना तिथे.”