भिंतीकडे फिरवलेला फोटो

बायको गेल्यावर मी त्या हॉलकडे फिरकलो नव्हतो. वोलोंगाँग स्टेशनमागच्या त्या हॉलमध्ये ती दर गुरुवारी घर नसलेल्या पोरापोरींना जुने रिळाचे कॅमेरे द्यायची, फोटो काढायला शिकवायची. बरोबर परातभर झेल्निक, आमच्या मॅसिडोनियाकडचं, पालक-चीज भरलेलं. माझा जन्म पोलादाच्या भट्टीवर गेला. फोटोतलं मला काय कळणार?

पोरांनी प्रदर्शन भरवलं. त्यांच्यातल्याच कोबी नावाच्या पोराचा फोन आला, "काका, काकूंचा फोटो मधोमध लावलाय. मस्त हसतायत."

तिचे लग्नातले आणि पासपोर्टचे फोटो माझ्यापाशी आहेत. हसतानाचा एकही नाही. कॅमेरा कायम तिच्याच हातात. म्हणून गेलो.

भिंतीवर एकेक फोटो असा की पाय हलेना. गाडीच्या टपावर वाळत घातलेले बूट. स्टेशनच्या नळावर केस धुणारी मुलगी. आणि मधोमध एक चौकट, भिंतीकडे तोंड केलेली.

माझं डोकं फिरलं. "इतक्यात नकोशी झाली का ती तुम्हाला?"

"मी सरळ लावला होता," कोबी म्हणाला. "हिने फिरवला. हिच्याशी कोण भांडणार?"

ही म्हणजे मार्ली. कूरी पोरगी, या किनाऱ्याची मूळची माणसं ती. रात्री मावसभावाच्या गाडीत झोपते. फोटो तिनेच काढलेला.

"आमच्यात गेलेल्या माणसाचा फोटो घरच्यांना विचारल्याशिवाय दाखवत नाहीत, काका. नावसुद्धा घेत नाहीत."

"ती कुठे तुमच्यातली होती?"

"मग कोणातली होती?"

मी चौकटीकडे बोट केलं.

"आणि मला विचारायचं नाही?"

"आले होते की! घंटी वाजवून बोट दुखलं. आत टीव्ही बोंबलत होता."

कोबी कुजबुजला, "आत्ता कॉलेजचे लोक यायचेत. तिला प्रवेश द्यायचा की नाही, ते याच फोटोवरून ठरवणार आहेत. तरी बया ऐकत नाही."

"तू गप रे," मार्ली म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही नको म्हणालात तर रीळसुद्धा तुम्हालाच देईन. राग नाही."

डोक्यावर छप्पर नाही, हातात असलेली एकच संधी तिने माझ्या बायकोच्या मानासाठी भिंतीकडे फिरवून ठेवली होती. एवढा मान तर आमच्या नात्यातल्या कुणी ठेवला नाही.

मी स्वतः चौकट सरळ केली. एक कडा उजेडाने जळालेली. फोनसारखा फोटो लगेच दिसेल म्हणून मार्लीने कॅमेऱ्याची पाठ उघडली होती, आतल्या रिळावर उजेड पडला. उरलेल्या भागात माझी बायको. गालात झेल्निकचा घास, डोळे मिटलेले, हसू आवरत नाहीये. असं ती घरी हसायची, स्वयंपाकघरात.

"राहू दे असाच," मी म्हणालो.

मार्लीने खालची कोरी चिठ्ठी दाखवली. "काकूंचं नाव लिहू?"

"नाव घ्यायला किती दिवस थांबतात तुमच्याकडे?"

"घरचे म्हणतील तोवर."

"मग खाली फक्त तुझं लिही," मी म्हणालो. "तिचं मी सांगेन तेव्हा."

दार वाजलं. कॉलेजची माणसं आली होती. मार्लीने घाईघाईने आपलं नाव लिहिलं आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली.