तत्त्व, घटना आणि कालवड

त्या वर्षी बीडकडच्या शिरूर तालुक्यात पाऊस पडला म्हणणारे होते, पण तो जमिनीनं काही पाहिला नाही. उसाच्या फडावर गेलेली माणसंसुद्धा लवकर परतली, कारण कारखान्यांनाच ऊस पुरला नव्हता. मग गावच्या दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी टाकली आणि जनावरांच्या मागं मागं अख्खं गाव तिथं राहायला गेलं. आता गंमत बघा, छावणीत जनावरांना चारा काय मिळायचा? तर ऊस! जन्मभर दुसऱ्याचा ऊस तोडलेली माणसं आता आपल्याच बैलापुढं त्याच्या कांड्या करून टाकत होती. "ह्या उसानं काय आपली पाठ सोडली न्हाई बाबा," असं म्हणत गहिनीनाथ रोज सकाळी कोयता हातात घ्यायचा.

ह्या गहिनीनाथची आणि कौशल्याबाईची पोर अंजना. बारावीचे पेपर देऊन बसलेली, अंगानं काडी, पण डोक्यात एकच खूळ. वकील व्हायचं! फडावर असताना एका वकीलबाईनं मुकादमाला दोन वाक्यांत गप्प केलेलं तिनं पाहिलं होतं आणि त्या दिवसापासून पोरीला दुसरं काही सुचत नव्हतं. गेल्या दिवाळीत फडावरच, पाचटाच्या झोपडीपुढं, म्हणजे कोपीपुढं बसून बापानं तिला शब्द दिला होता, "दे बाई ती वकिलीची परीक्षा. पास झालीस तर शिकवीन तुला."

शब्द दिला खरा. पण पुढं संक्रांतीला आसाराम मुकादमानं तिच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा ह्याच बापानं मान हलवून "बघू, पोरगी द्यायची तर हायेच की," असंही म्हणून टाकलं. फडावर एकट्याला काम नसतं. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. लग्न झालं की दसऱ्याला नवा कोयता तयार, हा मुकादमाचा हिशेब. अंजनानं तो 'बघू' कोपीच्या आडून ऐकला होता. परीक्षा बुडाली तर आपल्या हातात काय येणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून ती छावणीत जीव तोडून अभ्यास करी. गोठ्यावर जुन्या लुगड्यांची सावली, खाली बाज, बाजेवर कॉलेजातल्या सरांनी दिलेलं जाडजूड पुस्तक. गणित जमायचं, इंग्रजी रेटून न्यायची. पण कायद्याचे प्रश्न आले की पोरीचं घोडं अडायचं. त्या प्रश्नांची रीतच न्यारी. आधी एक तत्त्व दिलेलं, मग एक घटना, आणि खाली अ, ब, क, ड अशी चार उत्तरं.

दुपारी छावणीत कुणालाच काम नसतं. अंजना मोठ्यानं वाचायची आणि आजूबाजूच्या दावणीवरची माणसं हळूहळू तिच्या बाजेभोवती सरकायची. पहिल्या दिवशी तिनं वाचलं, "तत्त्व: दुसऱ्याच्या जमिनीत परवानगीशिवाय जाणे हे अतिक्रमण होय, मग नुकसान झालेले असो वा नसो. घटना: अ हा तहानेने व्याकूळ झाल्यामुळे न विचारता ब च्या विहिरीवर जाऊन पाणी प्याला."

"हा अ कोन्या गावचा?" शेजारच्या दावणीवरच्या छबुबाईनं विचारलं. छबुबाई म्हणजे छावणीचं तोंड. साठी उलटलेली, पण आवाज टँकरच्या भोंग्यासारखा.

"गावचा न्हाई आजी, नुसता अ हाय."

"नुसता कसा? कुणाचा तरी लेक असंल का न्हाई? आन् हा ब? विहिरीला पानी हाय म्हंजी बडा असामी दिसतोय मेला!"

राधाकिशन तिथंच बसला होता. गहिनीनाथचा लहानपणापासूनचा दोस्त. तो म्हणाला, "पानी प्याला म्हनून चुकला? असं कुठं असतं व्हय? उत्तर लिही पोरी, अ ची काय बी चूक न्हाई."

अंजनालाही तेच वाटत होतं. तिनं तसंच लिहिलं. मागं उत्तरं पाहिली, तर पुस्तक म्हणत होतं, अ नं अतिक्रमण केलं.

"पुस्तक खोटं हाय!" छबुबाईनं निकाल दिला आणि छावणीनं माना डोलावल्या.

झालं. त्या दिवसापासून छावणीला नादच लागला. तमाशाला जमावी तशी माणसं दुपारी जमायची. अ आणि ब ची आता सगळ्यांशी ओळख झाली होती. अ बिचारा गरीब, ब माजलेला, हे छावणीनं ठरवूनच टाकलं होतं. प्रत्येक प्रश्नात अ जिंकायचा आणि प्रत्येक उत्तर चुकायचं. अंजना हसून हसून बेजार व्हायची, पण फोनवरच्या सराव परीक्षेत मार्क पडले की तिचं तोंड उतरायचं. सरांनी फोनवर सांगितलं, "अंजना, तुझ्या मनाला विचारू नकोस. वर दिलेल्या ओळीला विचार." हे कळत होतं, वळत मात्र नव्हतं. तहानलेल्या माणसाला चूक म्हणायला तिचा हातच धजत नसे.

अशात मोरी व्याली. मोरी गाय राधाकिशनची. पण त्याच्याकडं जनावरं फार म्हणून तिला त्यानं गहिनीनाथकडं अर्धलीनं दिली होती. गाय मालकाची, चारापाणी पाळणाऱ्याचं आणि वासरं वाटून घ्यायची, अशी ती रीत. छावणीतच मोरीला कालवड झाली. गोरीपान, कपाळावर टिक्का. ज्याच्या त्याच्या तोंडी तेव्हा अंजनाच्या परीक्षेचं नाव, सीईटी, सीईटी चाललेलं, म्हणून छबुबाईनं कालवडीचं नाव सीईटीच ठेवलं. अंजना तिला मांडीवर घेऊन पाठ करायची आणि ती पुस्तकाचं पान चाटायची.

आणि एक दिवस सकाळी राधाकिशन येऊन म्हणाला, "गहिनीनाथ, मोरी दुसऱ्यांदा व्याली, येत दुसरं हाय. बोलीपरमानं कालवड मपली, मालकाची."

गहिनीनाथच्या हातातली कांडी हातातच राहिली. "आरं, पहिलं वासरू मेलं की! आमच्या वाट्याला काय आलं? कौशल्येनं बाटलीनं दूध पाजून पाजून त्याला जगवायला बघितलं, तू बघितलंस की."

"बघितलं. पन बोली ती बोली."

दोघं दोस्त चढ्या आवाजात भांडायला लागले. छावणी गोळा झाली आणि सगळी गहिनीनाथच्या बाजूची. राधाकिशन एकटा पडला. तेवढ्यात छबुबाई गरजली, "भांडता कावून रं? घरात वकील बसलाय आन् तुमी गळे काढता! अंजना देईल की निकाल."

"ती काय, बापाच्याच बाजूनं बोलंल," राधाकिशन पुटपुटला. पण एवढ्या माणसांपुढं नाही म्हणायची त्याला सोय नव्हती. "बोलू दे. मान्य हाय मला," तो म्हणाला आणि हरल्यासारखा खाली बसला. गहिनीनाथनं मिशीवरून हात फिरवला. लेक आपलीच होती.

अंजनाच्या पायाशी सीईटी उभी होती. पहिलं वासरू गेलं तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती, ते तिला आठवलं. तरी तिनं दोघांना विचारलं, "बोली काय झालती?"

दोघंही एकच बोलले. पहिलं येत पाळणाऱ्याचं, दुसरं मालकाचं.

"येत मेलं तर काय करायचं, हे बोलला होता का?"

बापानं इकडं तिकडं बघितलं. "न्हाई. ते काय बोलायचं असतं का?"

अंजनानं सीईटीच्या पाठीवर हात ठेवला. जनावरांच्या गळ्यातली घुंगरं तेवढी वाजत होती. मग ती पुस्तकातलं वाचावं तशी बोलली. "तत्त्व: पहिलं येत पाळणाऱ्याचं, दुसरं मालकाचं. घटना: पहिलं येत झालं. जगलं न्हाई, पन झालं. हे दुसरं हाय. कालवड राधाकिशनकाकांची."

"आगं ए!" छबुबाई ओरडली. "तू गहिनीनाथची का राधाकिशनची?"

कौशल्याबाईनं डोळ्याला पदर लावला. "घरच्या पोरीनंच घरची कालवड घालवली गं बाई!" आणि गहिनीनाथ? तो उठला, कालवडीचं दावं सोडून राधाकिशनच्या हातात दिलं आणि चाऱ्याच्या रांगेत जाऊन उभा राहिला. राधाकिशनला इतकं नवल वाटलं की तो दावं धरून तसाच उभा.

बरं, कालवड न्यायची तरी कुठं? दूध तर आईचंच प्यायचं आणि आई गहिनीनाथच्या दावणीला. म्हणजे कालवड राधाकिशनची झाली, पण राहिली तिथंच. राधाकिशन रोज सकाळी आपली इस्टेट बघायला यायचा आणि कौशल्याबाई तोंड फुगवून का होईना, त्याला चहा द्यायची. शेण मात्र अंजनालाच काढावं लागायचं.

त्या दुपारी बाजेभोवती कुणी आलं नाही. अंजनानं एकटीनंच तो तहानलेल्या अ चा प्रश्न पुन्हा काढला. बराच वेळ बघत बसली. मग तिला एकदम उमगलं. अरे, चूक म्हटलं म्हणून काय अ च्या तोंडचं पाणी काढून घेतलं कुणी? त्याला पाणी पाजायचं आपल्या हातात आहेच की! उत्तर वेगळं आणि माया वेगळी. तिनं फटाफट पानभर प्रश्न सोडवले आणि मागं बघितलं, तर सगळे बरोबर! तिला इतका आनंद झाला की तिनं सीईटीच्या टिक्क्याचा मुकाच घेतला.

दोन दिवसांत छावणीचाही रुसवा गेला. नाद तो नाद. छबुबाई आपली शेजारणीबरोबरची दोरीची भांडणंसुद्धा तिच्याकडं आणायला लागली आणि हरली तरी दुसऱ्या दिवशी नवं भांडण घेऊन यायची. फक्त बाप तेवढा कामापुरतं बोलायचा.

परीक्षेला त्यानंच तिला एसटीनं बीडला नेलं. परीक्षा केंद्राच्या फाटकाशी अंजना पाया पडली, तेव्हा तो म्हणाला, "आत गेल्यावर बापाचा इचार करू नको. त्या दिवशी न्हाई केलास, तसाच."

हा टोमणा का आशीर्वाद, हे काही पोरीला कळेना. ती तशीच आत गेली. कॉम्प्युटरवर प्रश्न आला, कुणा अ नं कुणा ब ला काही कबूल केलेलं. अंजनाला हसू आलं. रामराम अ, म्हणत तिनं माऊस धरला.

बारावीचा आणि सीईटीचा निकाल पाठोपाठ लागले. छावणीत मोबाईलला रेंज मिळायची ती फक्त उसाच्या ट्रॉलीवर चढलं की. अंजना ट्रॉलीवर, खाली अख्खी छावणी माना वर करून. पोरगी किंचाळली आणि खाली उसावरच बसली. औरंगाबादच्या कॉलेजात नंबर लागेल इतके मार्क! राधाकिशननं सोसायटीच्या डेअरीतून पेढे आणले, छबुबाईनं पोरीच्या गालावरून हात फिरवून बोटं कडाकडा मोडली, आणि कौशल्याबाई रडायला लागली ती थांबेचना. गहिनीनाथनं पेढा खाल्ला आणि कोयता घेऊन कांड्या करायला बसला.

तेवढ्यात फटफटी वाजली. आसाराम मुकादम! गाडी लावून थेट दावणीशी आला. "गहिनीनाथ, पोराकडचे तयार हायेत. ज्येष्ठात उरकून टाकू. दसऱ्याला नवा कोयता. संक्रांतीला तुमी शब्द दिलता."

अंजनाच्या हातातला पेढा हातातच राहिला. बाप महिनाभर धड बोलला नव्हता. कालवड तिनं घालवली होती. आता तो 'बघू' म्हणाला की संपलंच.

गहिनीनाथनं कोयता खाली ठेवला. "मुकादम, बसा. एक प्रश्न हाय."

"कसला प्रश्न?"

"तत्त्व," गहिनीनाथ म्हणाला, आणि सगळ्या दावणीवरची माणसं पुढं सरकली. "तत्त्व: मानसानं दोन ठिकाणी जबान दिली असंल, तर पहिली खरी. घटना: अ नं दिवाळीला लेकीला सांगितलं, पास झालीस तर शिकवीन. संक्रांतीला ब ला म्हनाला, बघू. लेक पास झाली. आता सांगा, अ नं काय करावं? उत्तर अ, लेकीला शिकवावं. ब, लगीन लावावं. क, दोन्ही. ड, कायच न्हाई."

"अ!" छावणी एका आवाजात ओरडली. बैल बिचकले. सगळ्यात मोठा आवाज राधाकिशनचा होता.

मुकादम गोंधळून इकडं तिकडं बघायला लागला. "पन हा अ हाय कोन?"

"हा काय!" छबुबाईनं गहिनीनाथच्या पाठीत धपाटा घातला. "ह्योच की अ! लई दिवस शोधत व्हते मी ह्याला."

हशा असा उठला की मुकादमालासुद्धा तोंड लपवून हसावं लागलं. गहिनीनाथ मात्र हसला नाही. लेकीकडं बघून तो म्हणाला, "भर छावणीत हिनं बापाइरुद्ध निकाल दिला, मुकादम. लई राग आलता मला. मंग रांगेत हुभं ऱ्हाऊन इचार केला. जिनं कालवडीपायी आपली जबान मोडू दिली न्हाई, तिला दिलेलीच जबान मी कशी मोडू?" आणि एवढं बोलून तो गडी माणूस उपरण्यात तोंड घालून हुंदके द्यायला लागला. अंजना धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडली आणि दोघांच्या मध्ये सीईटी घुसली.

मुकादम उठला, धोतर झटकलं. फडावर कोयते पुष्कळ मिळतील, असं काहीतरी पुटपुटत तो गाडीकडं निघाला. तोच छबुबाई तांब्या घेऊन आडवी आली.

"थांबा मुकादम. चुकलात तर चुकलात," ती म्हणाली, "पन उन्हाचे आलात. पानी पिऊन जा."