शिंपीकाकांचा पाय

"तो फोटो आधी पडद्यावरून काढा," मॅडम म्हणाल्या आणि हातातली बशी त्यांनी तशीच टेबलावर ठेवून दिली.

सभागृहाच्या पडद्यावर भिंतीएवढी जखम पसरली होती. काळ्या पडलेल्या कडा, मधे पिवळा लगदा आणि त्यात माखलेल्या गुबगुबीत अळ्या. पडद्याखाली पाहुणे केक खात होते. एकाने तर जखमेकडे पाठ करून सेल्फी काढला.

"मॅडम, हीच तर तुमची कमाल!" औषध कंपनीचा अधिकारी हसला. त्याच्या अत्तराने मघापासून मॅडमचं डोकं उठलं होतं. "माशीच्या अळीच्या लाळेतून मलम! लोकांना आधी किळस आली पाहिजे, मगच टाळ्या पडतात. शेवटी शिंपीकाका येतील, पँट वर करतील..."

"येणार नाहीत."

"अहो, ठरलंय तसं. प्रत्येक सत्काराला ते..."

"माणूस आहे तो, दुकानातला पुतळा नव्हे. पुन्हा त्यांना असं उभं केलंत, तर तुमचं पारितोषिक इथंच ठेवून मी घरी जाईन."

अधिकाऱ्याचं हसू मावळलं.

अळी सडलेलं मांस तेवढं विरघळवते आणि जिवंत मांसाला धक्का लावत नाही. हे तिला कसं जमतं, या एका प्रश्नापायी मॅडमनी उमेदीची वर्षं घालवली होती. लाळेतला नेमका पदार्थ हाती लागला, त्या दिवशी प्रयोगशाळेत त्या एकट्याच नाचल्या होत्या. मलम पहिल्यांदा लागलं ते शिंपीकाकांना. कापायचा ठरलेला पाय वाचला. आणि आता त्याचा हा असा तमाशा.

तणतणतच त्या मागच्या खोलीत गेल्या. शिंपीकाका नवी पँट घालून खुर्चीत ताठ बसले होते.

"काका, तुम्ही स्टेजवर यायची गरज नाही. यापुढे कुणी तुम्हाला असं नाचवणार नाही. सांगून आलेय मी."

म्हातारा सुटकेचा श्वास सोडेल, असं त्यांना वाटलं होतं.

"का हो? माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही. मलाच शिसारी आली."

"पायाची?"

"छे! ह्या लोकांची."

काकांनी पँटच्या शिवणीवरून बोट फिरवलं. पायाच्या घोळापासून गुडघ्यापर्यंत चेन बसवली होती.

"मुद्दाम शिवली. गुंडाळायला वेळ लागतो, लोक खोळंबतात."

"काका, पण..."

"घरात कुणी बघत नाही हो ह्याच्याकडे. नात जवळ आली की सून काहीतरी निमित्त काढून तिला हाक मारते. माझे मोजेसुद्धा वेगळे धुतात. इथं लोक वाकून वाकून बघतात. बघू देत की!"

त्यांनी चेन सरकन वर ओढली.

"तुम्ही तर घरच्याच. हात लावून बघा. आता दुखत नाही."

जखमेची लांबी, रुंदी, खोली मॅडमना तोंडपाठ होती. पाय मात्र इतक्या जवळून त्यांनी फोटोतच पाहिला होता. पोटरी निम्मी नव्हतीच. उरलेल्या खळग्यावर जांभळट, पातळ, चकचकीत कातडी चिकटलेली, आणि तिच्याखाली काहीतरी संथपणे उडत होतं. शीर असावी.

मॅडमचा हात पुढे झाला आणि वीतभर अंतरावर थांबला.

काकांनी त्या हाताकडे पाहिलं. सावकाश चेन खाली ओढली.

"राहू द्या," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "एकदम नाही जमत कुणाला."

खुर्चीच्या पाठीला धरून ते उठले आणि लंगडत सभागृहाकडे गेले. मॅडमनी त्यांना अडवलं नाही. थोड्याच वेळात टाळ्यांचा कडकडाट ऐकू आला.

टाळ्या थांबल्या तेव्हा मॅडम कोपऱ्यातल्या बेसिनपाशी होत्या. नळ कधी सोडला, त्यांना आठवेना. हात कशालाच लागला नव्हता. तरी साबणाचा फेस मनगटापर्यंत चढला होता.