मागची रांग

"काका, ही लेन्स आमची नाही," कॅमेरा कंपनीच्या काउंटरवरची मुलगी म्हणाली आणि लेन्स दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली.

"अहो, पण तुमच्याच कॅमेऱ्यासाठी बनवलेली आहे ती. जुन्या कॅमेऱ्यावर बावीस वर्षं चालली!"

"जुन्यावर चालली असेल. नवा कॅमेरा तिला ओळखत नाही. तुम्ही आमची नवी लेन्स घ्या ना."

लेन्सवाल्या कंपनीला मी आधीच फोन केला होता. ते म्हणाले, कॅमेरा बदललाय ना, मग कॅमेरावाल्यांना विचारा. दोघांनीही कानांवर हात ठेवले आणि मधल्या मध्ये माझं मरण. भिंगावर ओरखडा नाही, बुरशी नाही. पण उजेड आत घेणारं लेन्सचं छिद्र जरा बारीक केलं की पडद्यावर 'एरर' येते आणि कॅमेरा ठप्प. पूर्ण उघडं ठेवलं तरच फोटो निघतो, पण मग एकच रांग स्पष्ट येते, बाकीचे सगळे धूसर. धडधाकट माणसाला मेलेला ठरवायचा प्रकार नुसता!

दुपारी शाळेत स्टाफचा वार्षिक फोटो होता. जुना कॅमेरा नेऊन उपयोग नव्हता, रोल धुणारं कुणी उरलंच नव्हतं. माझी थोरली बहीण त्याच शाळेत शिपाई. एकतीस वर्षं रोज सकाळी सगळ्या वर्गांची कुलपं तिनंच उघडली. आज तिचा शेवटचा दिवस. ठेवणीतले कपडे घालून, किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन ती मागच्या बाकावर चढली.

मुख्याध्यापक पुढच्या खुर्चीवर मधोमध. मी जाऊन अडचण सांगितली. "सर, आज एकच रांग नीट येईल. दोन दिवस द्या, कुणाची तरी लेन्स मागून आणतो."

"छे, छे, आजच हवा. पुढची रांग तेवढी नीट घ्या. मागच्यांना कोण बघतंय?"

हे चांगलं खणखणीत आवाजात. ताईनं ऐकलं. तिनं जुडगा हळूच पाठीमागे लपवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. सकाळपासून हेच ऐकत होतो. चालतंय, राबतंय, तरी आमचं नाही!

"ताई, किल्ल्या पुढे धर!" मी कॅमेऱ्यामागून ओरडलो.

"राहू दे रे. साहेब रागावतील."

"धर म्हणतो ना!"

तिनं जुडगा छातीशी धरला. मी छिद्र पूर्ण उघडलं, तिच्यावर नेम धरला आणि बटण दाबलं. एरर आली नाही.

शाळेनं तो फोटो घेतला नाही. पुढच्या वर्षी मला बोलावणंही आलं नाही. गेलं तर गेलं.

फोटो आता ताईच्या घरात, दारासमोरच्या भिंतीवर आहे. पुढच्या खुर्च्यांवर कोण बसलंय ते सांगितल्याशिवाय कळत नाही. मागे ताई उभी आहे. जुडग्यातल्या चौदा किल्ल्या एकेक मोजता येतात.